हज-उमराहला जाताय? बॅग भरण्याआधी चार्जरवरचं बारीक अक्षर वाचा
परदेशात मोबाइल, पॉवर बँक आणि दवाखान्याची मशीनं चालवण्याची संपूर्ण माहिती



काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमचे अब्बा-अम्मी उमराहला गेले होते. अब्बांना जुना दमा. त्यामुळे नेब्युलायझरचं मशीन सोबत दिलं होतं. मशीन नवं, औषधं मोजून ठेवलेली, नागपूरहून घेतलेला ‘सगळ्या देशांत चालणारा’ ॲडॉप्टरही पिशवीत. आम्ही निश्चिंत. मक्केत पोहोचल्याच्या दुसऱ्या रात्री अम्मीचा फोन आला, "बेटा, मशीन घुरघुर आवाज करतंय, पण वाफ येत नाहीये. तुझ्या अब्बांचा दम भरून आलाय."

आम्ही अम्मीला भिंतीवरच्या बोर्डाचा फोटो पाठवायला सांगितलं. इमारत जुनी होती. भिंतीत दोन तऱ्हेचे सॉकेट होते. एक चपट्या दोन फटींचा, दुसरा तीन चौकोनी छिद्रांचा. अम्मीनं ॲडॉप्टरच्या चपट्या पिना बाहेर काढून पहिल्यात मशीन लावलं होतं. तो सॉकेट १२७ व्होल्टचा होता आणि मशीन २३० व्होल्टचं. ॲडॉप्टरच्या तीन चौकोनी पिना काढून दुसऱ्या सॉकेटमध्ये लावायला सांगितलं आणि दोन मिनिटांत वाफ सुरू झाली. अल्हम्दुलिल्लाह, अब्बा तासाभरात झोपले.

आम्हाला मात्र झोप लागली नाही. दहावीच्या विज्ञानात ‘विद्युतधारेचे परिणाम’ हा धडा आम्ही वर्षानुवर्षं शिकवतो. उर्दू माध्यमाच्या मुलांना उर्दूतून, मराठीच्या मुलांना मराठीतून. पण तोच धडा अब्बांच्या बॅगेत ठेवायला विसरलो होतो. म्हणून हा लेख. नागपूरहून हजला जाणारे हाजी साहब, उमराह आणि जियारतला जाणारी कुटुंबं, आखातात नोकरीला किंवा अमेरिका-इंग्लंडला शिकायला निघालेली आपली मुलं, सगळ्यांच्या कामाचा. जपून ठेवा आणि जाणाऱ्याला पाठवा.

दोन प्रश्न वेगळे आहेत

बहुतेक लोक दुकानात जाऊन एकच प्रश्न विचारतात, "सौदीची पिन द्या." खरं तर प्रश्न दोन आहेत.

पहिला, पिन बसते का? हा आकाराचा प्रश्न. त्याचं उत्तर ॲडॉप्टर. ॲडॉप्टर म्हणजे फक्त पिनचा आकार बदलणारा तुकडा. इकडून जेवढे व्होल्ट आले तेवढेच तो तिकडे देतो. वीज कमी-जास्त करणं त्याचं काम नाही.

दुसरा, वीज जुळते का? हा व्होल्टेजचा प्रश्न. त्याचं उत्तर कन्व्हर्टर किंवा ट्रान्सफॉर्मर. तो २३० चे ११० व्होल्ट करतो किंवा ११० चे २३०.

पिन बसली म्हणजे मशीन चालेलच असं नाही. अम्मीची पिन बरोब्बर बसली होती.

समजा एखादी वस्तू २३० व्होल्टसाठी बनवली आहे आणि तिला १२७ व्होल्ट मिळाले. साध्या हीटरसारखी वस्तू असेल तर तिची ताकद निम्मी होत नाही, जवळजवळ ३० टक्क्यांवर येते. कारण व्होल्टेज जितक्या पट कमी होतं, त्याच्या वर्गाच्या प्रमाणात वॅट कमी होतात. उलट बाजूही लक्षात ठेवा. ११५ व्होल्टची वस्तू २३० वर लावली तर ताकद दुप्पट नाही, चौपट होते. मग धूर, जळका वास, आणि कधीकधी आग.

आधी लेबल वाचा

प्रत्येक चार्जरवर आणि मशीनवर बारीक अक्षरांत एक लेबल असतं. मोबाइलचा कॅमेरा उघडा आणि झूम करून वाचा. त्यात इंग्रजीत ‘इनपुट’ असा शब्द शोधा. पुढे दोनपैकी एक प्रकारचा मजकूर सापडेल.

पहिला प्रकार: १०० ते २४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ. असं लिहिलं असेल तर ती वस्तू जगात जवळजवळ कुठेही चालते. तिला कन्व्हर्टर लागत नाही, फक्त ॲडॉप्टर हवा. मोबाइल, टॅबलेट, लॅपटॉप, कॅमेरा यांचे आजकालचे जवळपास सगळे चार्जर याच प्रकारात येतात. अनेक ट्रिमरसुद्धा. तरी वाचून खात्री करा.

दुसरा प्रकार: फक्त २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ (किंवा २२०-२४० व्होल्ट, ५० हर्ट्झ). ही वस्तू आपल्यासारखी वीज असलेल्या देशातच चालवायची. इस्त्री, पाण्याची किटली, मिक्सर, हेअर ड्रायर, इंडक्शन शेगडी आणि बरेच नेब्युलायझर इथे मोडतात.

हर्ट्झ म्हणजे वीज एका सेकंदात किती वेळा हेलकावे घेते ती संख्या. भारतात ५०, सौदीत ६०. मोबाइलच्या चार्जरला किंवा किटलीला याचा फरक पडत नाही. पण ज्या मशीनच्या मोटर किंवा पंपाची चाल या हेलकाव्यांवर अवलंबून असते, त्याला पडतो. आणि कोणताही साधा कन्व्हर्टर हर्ट्झ बदलत नाही, फक्त व्होल्ट बदलतो.

आपली पिन आणि तिकडची पिन

आपल्या घरातली तीन गोल पिनांची रचना इंग्रजांच्या जमान्यातली. लहान ती ६ ॲम्पियरची, तिला जगात ‘डी’ प्रकार म्हणतात. मोठी, फ्रीज-गीझरची, ती १६ ॲम्पियरची, ‘एम’ प्रकार. मोबाइल चार्जरच्या दोन बारीक गोल पिना म्हणजे ‘सी’ प्रकार. गंमत अशी की ज्या ब्रिटनकडून आपण गोल पिना घेतल्या, त्या ब्रिटननं स्वतः १९४७ मध्ये नवी रचना आणली. तीन जाड चौकोनी पिनांची आणि प्लगच्या आतच फ्यूज असलेली. तिला ‘जी’ प्रकार म्हणतात. पुढे आखाती देशांत हीच पिन रुजली. आपण मात्र जुन्या गोल पिनांवरच राहिलो.

‘जी’ सॉकेटच्या खालच्या दोन छिद्रांवर आतून झडप असते. वरची लांब अर्थिंगची पिन आत गेली की झडप उघडते. लेकरांनी तार-खिळा घालू नये म्हणून केलेली सोय. आपले लोक काय करतात? वरच्या छिद्रात पेनचं टोपण किंवा काडी खुपसून झडप उघडतात आणि खाली दोन पिनांचा भारतीय चार्जर दाबून बसवतात. हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं आहे. असं अजिबात करू नका. पिन सैल बसते, ठिणगी उडते, सॉकेट तापतो. शे-दोनशे रुपयांचा ॲडॉप्टर वाचवायला ही जोखीम कशाला?

सौदी अरेबिया: नेमकं काय लक्षात ठेवायचं

सौदीत पूर्वी घरगुती वीज १२७ व्होल्टची होती, आणि एसीसारख्या मोठ्या वस्तूंसाठी २२० व्होल्टची वेगळी जोडणी असायची. २०१० मध्ये तिथल्या सरकारनं २३० व्होल्टवर जायचा निर्णय घेतला आणि बदल टप्प्याटप्प्यानं सुरू झाला. हर्ट्झ मात्र ६० च राहिले. नव्या हॉटेलांत आणि इमारतींत ‘जी’ प्रकारचे तीन चौकोनी छिद्रांचे सॉकेट आणि २२०-२३० व्होल्ट मिळतात. जुन्या इमारतींत आजही चपट्या फटींचे सॉकेट दिसू शकतात, आणि तिथे १२७ व्होल्ट असण्याची शक्यता असते.

म्हणून खोलीत पोहोचल्यावर हे करा:

१. बोर्ड नीट बघा. काही ठिकाणी सॉकेटवरच व्होल्ट लिहिलेले असतात.
२. मोबाइल-लॅपटॉपचा १०० ते २४० वाला चार्जर कोणत्याही सॉकेटला लावला तरी चालेल.
३. फक्त २३० व्होल्टची वस्तू चपट्या फटींच्या सॉकेटला लावू नका. तीन चौकोनी छिद्रांचाच वापरा.
४. शंका असेल तर इमारतीच्या कर्मचाऱ्याला विचारा. ‘कितने व्होल्ट’ हे हिंदी-उर्दूत विचारलं तरी बऱ्याच ठिकाणी समजणारा माणूस भेटतो.

आपल्याकडचा टेस्टर सॉकेटमध्ये घालून काही कळणार नाही. टेस्टर १२७ वरही पेटतो आणि २३० वरही.

ॲडॉप्टर घेताना

सीताबर्डीला किंवा मोमिनपुऱ्यात ॲडॉप्टर सहज मिळतो. पण हातात घेऊन चार गोष्टी तपासा.

एक, तो तीन पिनांचा हवा आणि त्याची वरची पिन फक्त दिखाव्याची नको. काही स्वस्त ॲडॉप्टरमध्ये तिसरी पिन प्लॅस्टिकची असते. झडप उघडते, पण अर्थिंग मिळत नाही. मोबाइलला चालून जाईल. धातूच्या अंगाची इस्त्री, किटली यांना अर्थिंगशिवाय लावणं म्हणजे शॉकला बोलावणं.

दोन, त्यावर ॲम्पियर किंवा वॅट लिहिलेले असावेत. काहीच लिहिलं नसेल तर घेऊ नका.

तीन, आपली पिन त्यात घट्ट बसली पाहिजे. हलवल्यावर खुळखुळ करत असेल तर परत द्या.

चार, दोन घ्या. एक हरवतोच, नाहीतर शेजारच्या खोलीत राहतो.

सगळ्यात उपयोगी जुगाड आमच्या मते असा आहे: एक ॲडॉप्टर आणि त्याला आयएसआय चिन्ह असलेला एक चांगला भारतीय एक्स्टेंशन बोर्ड. एका सॉकेटवर खोलीतल्या चौघांचे मोबाइल चार्ज होतात. पण हिशेब करा. ६ ॲम्पियर गुणिले २३० व्होल्ट म्हणजे १३८० वॅट. २० वॅटचे सहा चार्जर लावले तरी १२० वॅट. काहीच नाही. त्याच बोर्डवर १५०० वॅटची किटली लावली की एकटीनंच मर्यादा ओलांडली. म्हणून नियम साधा: एक्स्टेंशनवर चार्जर, किटली-इस्त्री नाही. स्वयंपाकाची शेगडी तर इमारतीचा नियम विचारल्याशिवाय नेऊच नका.

मिनातली आग आठवा

१५ एप्रिल १९९७ रोजी मिनाच्या तंबूंना आग लागली. ३४३ हाजी त्यात गेले, हजारो तंबू राख झाले. मृतांत आपल्या देशाचे लोकही होते. ती आग स्वयंपाकाच्या गॅसमुळे भडकली होती. त्यानंतर मिनात आग न पकडणारे तंबू उभे राहिले आणि गॅसवर बंदी आली. आज तिथे गॅस नाही, पण सॉकेट आहेत, वायरी आहेत आणि गादीला गादी लागून झोपलेली माणसं आहेत. एका सॉकेटवर एकावर एक ॲडॉप्टर चढवणं, उशीखाली मोबाइल चार्जिंगला ठेवणं, वायर कपड्यांच्या ढिगाखालून नेणं, हे करू नका. प्लग हाताला गरम लागला की लगेच काढा. कोणी दुसरा करत असेल तर अदबीनं सांगा.

हजचे पाच दिवस आणि मोबाइलची बॅटरी

आता मोबाइल ही फक्त फोटोची वस्तू राहिलेली नाही. हज सुविधा ॲप २०२४ पासून आलं. नुसुक आहे, ग्रुपचा व्हॉट्सॲप आहे, इमारतीचं लोकेशन आहे. गर्दीत चुकामूक झालेला वयस्क माणूस आणि त्याचा बंद पडलेला फोन, यापेक्षा मोठी काळजी घरच्यांना नसते.

८ जिलहिज्जाला मिनात तंबूत सॉकेट असतात, पण माणसांच्या मानानं कमी. ९ तारखेला अरफात, आणि त्या रात्री मुज़दलिफात उघड्या आभाळाखाली मुक्काम. तिथे सॉकेट कुठून मिळणार? ९ ची सकाळ ते १० ची सकाळ, हे चोवीस तास स्वतःच्या बॅटरीवर काढायचे असं धरूनच चाला. म्हणजे ८ च्या रात्री मोबाइल आणि पॉवर बँक दोन्ही पूर्ण भरलेले हवेत. सगळे एकदम चार्जिंगला धावतात ती वेळ टाळा. लोक झोपल्यावर किंवा दुपारी लावून घ्या.

बॅटरी वाचवायला: बॅटरी सेव्हर सुरू ठेवा, स्क्रीनचा उजेड कमी करा, व्हिडिओ कॉल टाळा. मुज़दलिफात लोकेशन एकदा पाठवा आणि मोबाइल खिशात ठेवा. ऊन हे दुसरं कारण. २०२४ च्या हजला मक्केत पारा ५० अंशांच्या वर गेला होता. नागपूरच्या मे महिन्यात वाढलेल्या आपल्याला उन्हाची सवय असते, मोबाइलला नसते. फार तापला की तो चार्जिंग थांबवतो किंवा स्वतःच बंद पडतो. उन्हात चार्ज करू नका. पिशवीत कपड्यात गुंडाळून, सावलीत ठेवा. फ्रीजमध्ये किंवा बर्फावर ठेवू नका, आत दव जमतं.

आणि एक गोष्ट बॅटरी न लागणारी: घरचे दोन नंबर, ग्रुप लीडरचा नंबर आणि इमारतीचा पत्ता कागदावर लिहून प्रत्येकाच्या गळ्यातल्या पाउचमध्ये ठेवा. अब्बा-अम्मींच्या पाठ असतील असं समजू नका. आजकाल आपल्याला तरी कुणाचा नंबर पाठ असतो?

पॉवर बँक: विमानाचा नियम

विमानतळावर सगळ्यात जास्त अडचण हिचीच होते. पॉवर बँक सामानाच्या मोठ्या बॅगेत टाकायची नाही. ती हातातल्या बॅगेतच न्यायची. लिथियमची बॅटरी पेटली तर माणसांच्या समोर विझवता येते, खालच्या सामानात नाही, म्हणून हा नियम.

मोजमाप वॅट-अवरमध्ये होतं. १०० पर्यंत साधारणपणे परवानगी लागत नाही. १०० ते १६० असेल तर विमान कंपनीची परवानगी लागते. १६० च्या वर प्रवाशाला नेताच येत नाही. पॉवर बँकेवर वॅट-अवर लिहिलेले नसतील तर असे काढा: एमएएच गुणिले ३.७, भागिले १०००.

१०,००० एमएएच = ३७ वॅट-अवर
२०,००० एमएएच = ७४ वॅट-अवर
२७,००० एमएएच = जवळपास १०० वॅट-अवर
३०,००० एमएएच = १११ वॅट-अवर, परवानगी हवी
५०,००० एमएएच = १८५ वॅट-अवर, नेता येणार नाही

आमचा सल्ला २०,००० वाल्याचा. त्यातून ५,००० एमएएचचा मोबाइल प्रत्यक्षात अडीच ते तीन वेळा चार्ज होतो, चार वेळा नाही, कारण काही वीज उष्णतेत जाते. ज्यावर आकडे पुसले गेले आहेत किंवा लिहिलेच नाहीत अशी पॉवर बँक सुरक्षा तपासणीत काढून घेतली जाऊ शकते. काही विमान कंपन्यांनी विमानात पॉवर बँक वापरायलाच मनाई केली आहे आणि एकाच पॉवर बँकेची अट घातली आहे. तिकिटासोबतचे नियम वाचा. फुगलेली बॅटरी असेल तर घरीच ठेवा.

विमानतळावर किंवा बसमध्ये सार्वजनिक यूएसबी छिद्रात थेट केबल लावू नका. त्यातून डेटा चोरी होऊ शकते. स्वतःचा चार्जर सॉकेटला लावा किंवा पॉवर बँक वापरा.

आजारी माणसाची मशीनं

इथे चूक महागात पडते, म्हणून थोडं सविस्तर.

नेब्युलायझर: घरी वापरायची बरीच मशीनं २३० व्होल्ट, ५० हर्ट्झची असतात. सौदीत व्होल्ट जुळतात, पण हर्ट्झ ६०. लेबलवर ५०/६० दोन्ही असतील तर प्रश्न नाही. फक्त ५० असेल तर कंपनीच्या ग्राहक सेवेला जाण्याआधी विचारा. यूएसबीवर चालणारा छोटा मेश नेब्युलायझर मिळतो. तो पॉवर बँकेवरही चालतो, म्हणजे मिना-अरफातसाठी सोयीचा. आपल्या औषधाला तो चालतो का, हे डॉक्टरांना विचारून घ्या. सोबत इनहेलर आणि स्पेसर ठेवाच. त्याला वीज लागत नाही.

झोपेत श्वासासाठी लागणारं सीपॅप मशीन: यातली बहुतेक १०० ते २४० व्होल्टची असतात, ॲडॉप्टर पुरतो. तंबूत रात्रभर सॉकेट आपल्यालाच मिळेल याची खात्री नसते. ग्रुप लीडरला आधी सांगून ठेवा.

बीपीचं मशीन: साध्या सेलवर चालतं. जास्तीचे सेल न्या, अडचण संपली.

शुगर तपासण्याचं मशीन: त्यात छोटा गोल सेल असतो. निघण्याआधी नवा टाका.

कानाचं यंत्र: चार्जिंगचं असेल तर त्याची डबी आणि केबल हातातल्या बॅगेत. सेलवालं असेल तर सेलची पट्टी.

ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, बॅटरीची व्हीलचेअर: यांना विमान कंपनीची आगाऊ परवानगी लागते. तिकीट काढतानाच कळवा, विमानतळावर नाही.

ही सगळी यंत्रं, औषधं आणि डॉक्टरांची इंग्रजीतली चिठ्ठी हातातल्या बॅगेत ठेवा. आणि निघण्याच्या आठवडाभर आधी घरी अब्बा-अम्मींच्या हातानं प्लग लावून घ्या. आपण लावून दाखवू नका, त्यांनाच लावू द्या. ॲडॉप्टरच्या कोणत्या पिना कधी काढायच्या हे त्यांच्या बोटांना कळलं पाहिजे.

कोणत्या देशात काय

सौदी अरेबिया: २३० व्होल्ट, ६० हर्ट्झ. ‘जी’, तीन चौकोनी पिना. जुन्या इमारतींत १२७ ची शक्यता.
संयुक्त अरब अमिराती, बहरीन: २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. ‘जी’.
कतार, कुवेत, ओमान: २४० व्होल्ट, ५० हर्ट्झ. मुख्यतः ‘जी’.
इराक (बगदाद, करबला, नजफ): २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. ‘सी’, ‘डी’, ‘जी’ तिन्ही दिसतात, म्हणजे कधी आपली पिनही बसते. वीज वारंवार जाते, पॉवर बँक भरून ठेवा.
तुर्की: २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. दोन गोल पिना, ‘सी’ आणि ‘एफ’.
इजिप्त: २२० व्होल्ट, ५० हर्ट्झ. ‘सी’ आणि ‘एफ’.
ब्रिटन: २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. ‘जी’.
मलेशिया, सिंगापूर: २३०-२४० व्होल्ट, ५० हर्ट्झ. ‘जी’.
जर्मनी: २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. ‘एफ’. आपला दोन बारीक पिनांचा चार्जर बहुधा बसतो.
ऑस्ट्रेलिया: २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. ‘आय’, तिरप्या चपट्या पिना.
अमेरिका, कॅनडा: १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. ‘ए’ आणि ‘बी’, चपट्या पिना.
जपान: १०० व्होल्ट. ‘ए’, दोन चपट्या पिना.

यादीवरून दिसेल की आखात, ब्रिटन, युरोप, ऑस्ट्रेलिया इथे व्होल्टेज आपल्यासारखंच आहे. तिथे फक्त ॲडॉप्टरचं काम आहे. कन्व्हर्टरचा खरा प्रश्न अमेरिका, कॅनडा आणि जपानला येतो.

कन्व्हर्टर कधी घ्यायचा

मुलगा अमेरिकेला निघाला की आई म्हणते, मिक्सर घेऊन जा, चटणी-मसाला तिकडे कसा वाटणार? घरचा ७५० वॅटचा मिक्सर १२० व्होल्टवर चालवायचा तर व्होल्ट वाढवणारा स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर लागतो. मोटर सुरू होताना जास्त वीज ओढते, म्हणून ट्रान्सफॉर्मर मिक्सरच्या दुप्पट वॅटचा हवा, म्हणजे १५०० चा. त्याचं वजन काही किलो. त्यापेक्षा ११० व्होल्टचे भारतीय पद्धतीचे मिक्सर मिळतात, तेच घेतलेले परवडतात. किटली, इस्त्री, हेअर ड्रायर तर तिथेच घ्यावेत.

बाजारात हलके, स्वस्त कन्व्हर्टरही असतात, ज्यावर मोठाले वॅट लिहिलेले असतात. त्यातले बरेच फक्त तापणाऱ्या वस्तूंसाठी, तेही थोड्या वेळासाठी असतात. त्यावर लॅपटॉप किंवा मेडिकल मशीन लावलं तर बिघडू शकतं. आणि ज्याच्या लेबलवर १०० ते २४० आहे, त्याला कन्व्हर्टर लावूच नये. गरजच नाही.

उलटा प्रवासही असतो. मामू अमेरिकेहून येताना १२० व्होल्टचं कॉफी मशीन किंवा केस सरळ करायचं यंत्र भेट आणतात. इथे पिन बदलून थेट लावलं की पहिल्याच दिवशी जळतं. त्याला व्होल्ट कमी करणारा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर हवा, वस्तूच्या वॅटपेक्षा किमान पावपट जास्त क्षमतेचा. म्हणून भेट मागतानाच सांगा: "मामू, लेबलवर २४० लिहिलंय का बघा."

निघण्याआधीची यादी

१. सगळ्या वस्तूंची लेबलं वाचून झाली?
२. ‘जी’ प्रकारचे तीन धातूच्या पिनांचे दोन ॲडॉप्टर घेतले?
३. एक एक्स्टेंशन बोर्ड, जास्तीची एक केबल?
४. पॉवर बँक १०० वॅट-अवरच्या आत, आकडे स्पष्ट, हातातल्या बॅगेत?
५. मेडिकल मशीन, सेल, इनहेलर, डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या बॅगेत?
६. फोन नंबर आणि पत्ता कागदावर?
७. घरी एकदा सगळं लावून पाहिलं?

प्रत्येक ॲडॉप्टरवर आणि चार्जरवर पांढरी पट्टी चिकटवून त्यावर नाव आणि ‘सगळीकडे चालतं’ किंवा ‘फक्त २३०’ एवढं ठळक लिहा. उर्दू वाचणाऱ्यांसाठी उर्दूत, मराठी वाचणाऱ्यांसाठी मराठीत. आमच्या घरी अब्बांच्या मशीनवर ही पट्टी आजही आहे. अम्मीच्या हस्ताक्षरात: "तीन छेद वाला ही."

तुमच्या मोहल्ल्यात कोणी यंदा हजला किंवा उमराहला निघत असेल तर दुआची दरखास्त करायला जाताना त्यांच्या चार्जरचं लेबलही वाचून द्या. पाच मिनिटांचं काम आहे. अल्लाह सगळ्या मुसाफिरांचा सफर आसान करो. आमीन.